दुरुस्त करू की विकून टाकू?

(वाचकांची नावं, गाड्यांच्या कंपन्या आणि गॅरेजची नावं आपण या सदरात छापत नाही. बाकी पत्रं आली तशीच, फक्त थोडी छोटी केलीत.)

प्रश्न : नमस्कार काका. मी मानपाड्याला राहतो, वय ४७. माझ्याकडे दोन सीटची इम्पोर्टेड स्पोर्ट्स कार आहे, पत्र्याचा टप बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जातो ती. १.८ लिटर पेट्रोल, सुपरचार्जर, ऑटोमॅटिक. पहिलं रजिस्ट्रेशन नोव्हेंबर २०११, मी २०१६ ला १४ लाखाला सेकंड हॅन्ड घेतली, आता ७१,००० किलोमीटर झालेत. दोन दिवाळ्यांपूर्वी सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की दोन-तीन सेकंद खडखड आवाज यायला लागला, मग बंद होतो. गिअरबॉक्स दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देतो. टप कधी उघडतो कधी अर्ध्यावर थांबतो, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या सनवायझरवर तेलाचा डाग पडलाय. गॅरेजने एस्टिमेट दिलं : टायमिंग चेनचं काम १,८५,०००, टपाचे हायड्रॉलिक सिलिंडर १,६०,०००, गिअरबॉक्स ओव्हरहॉल १,४०,०००, चार टायर ७०,०००. एकूण ५,५५,०००. आणि डीलर म्हणतो आहे तशी द्या, साडेसहा लाख देतो. मिसेस म्हणते सरळ विका, मुलगी बारावीला आहे, पुढच्या वर्षी फी भरायची आहे. पण मुलीचाच जीव गाडीत आहे. ती दुसरीत असल्यापासून आम्ही दोघं रविवारी पहाटे येऊरला नाहीतर गायमुखच्या पुढे जाऊन येतो आणि ती प्रत्येक फेरी एका वहीत लिहिते, तारीख, किती वाजता निघालो, कुठे चहा घेतला. मी वही मोजली. २०१८ ला ५८ फेऱ्या, गेल्या वर्षी ७. एवढ्यासाठी साडेपाच लाख घालणं वेडेपणा आहे का? इन्शुरन्समधून काही मिळेल का?

उत्तर : तुम्ही वही मोजलीत हे फार बरं केलंत, कारण माझ्या उत्तरातला अर्धा भाग त्या वहीतूनच येणार आहे. पण आधी त्या खडखडीबद्दल बोलू, ते काम पुढे ढकलता येणार नाही.

टायमिंग चेन म्हणजे क्रँकशाफ्टच्या (पिस्टनने फिरणारा दांडा) जोरावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी. तिला ताणून धरायला एक टेन्शनर असतो आणि तो ऑईलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली उतरतं, सकाळी स्टार्ट मारल्यावर प्रेशर यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्या वेळात ढिली झालेली चेन फटके मारते. तोच तुमचा आवाज. प्रेशर आलं की चेन ताणली जाते आणि आवाज जातो, म्हणून माणसाला वाटतं की बरी झाली. बरी झालेली नसते. चेन लांबलेली असते किंवा कॅमच्या अ‍ॅडजस्टरचे (कॅमशाफ्टच्या टोकाचं दातेरी चाक) दाते खाल्लेले असतात, बहुतेक वेळा दोन्ही. एखाद्या सकाळी चेनने दाता सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं, आणि मग १,८५,००० चा आकडा स्वस्त वाटायला लागतो. वागळे इस्टेटला मी तीस वर्षं गॅरेज चालवलं, आवाज ऐकून "पुढच्या महिन्यात करू" म्हणणारी माणसं टोईंगवर आलेली पाहिलीत. म्हणून काम होईपर्यंत गाडी चालवू नका. सोसायटीत जागा बदलायला सुद्धा स्टार्ट मारू नका, ढकला.

पण एस्टिमेटवर सही करायच्या आधी दुसऱ्या माणसाकडून तीन गोष्टी करून घ्या. एक, स्कॅनर लावून कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टमधला कोनाचा फरक वाचायचा, चेन किती लांबली ते तिथे आकड्यात दिसतं. दोन, ऑईल फिल्टर कापून उघडायचा आणि त्याच्या घड्यांमध्ये धातूचा चुरा आहे का ते उन्हात धरून बघायचं, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. तीन, चारही सिलिंडरची कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. चौथी गोष्ट फुकट आहे, कॅमच्या मॅग्नेटचा कनेक्टर काढून आत ऑईल आलंय का ते बघायला सांगा, अशा इंजिनात तिथून ऑईल वायरिंगमधून चढत चढत पार ईसीयूपर्यंत (इंजिनचा कॉम्प्युटर) जातं आणि मग लोक सेन्सरवर सेन्सर बदलत बसतात. कम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आलं तर इंजिन चांगलं आहे, चेन करण्यासारखी आहे. एका सिलिंडरला खूपच कमी आलं तर माझं उत्तर बदलतं, मग एक रुपया न घालता आहे तशी विका.

गिअरबॉक्सच्या १,४०,००० वर माझा अजिबात विश्वास बसत नाही. झटका एकाच ठिकाणी येतोय, बाकी गिअर व्यवस्थित पडतायत, तर पहिल्यांदा ऑईल आणि फिल्टर बदला. "हे लाइफटाइम ऑईल आहे, बदलायचं नसतं" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार, पण १५ वर्षं आणि आपल्याकडची गरमी धरली तर ते ऑईल कधीच संपलंय. आणि गिअरबॉक्सला वायरिंग जिथे जोडतात तिथली ओ-रिंग (गोल रबरी सील) बदलून घ्या, ती अगदी किरकोळ किमतीची असते, गळायला लागली की ऑईल कमी होत जातं आणि झटके सुरू होतात. लेव्हल बघताना ऑईल ठरलेल्या तापमानाला असावं लागतं, थंड्या गाडीत अंदाजे भरणाऱ्याकडे देऊ नका. ह्या सगळ्याला २५-३० हजार धरा. त्यानंतर हजारभर किलोमीटर चालवून झटका राहिलाच तर ओव्हरहॉलचं बघू.

आता टप. हा खर्च थांबू शकतो. वायझरवरचा डाग हायड्रॉलिक तेलाचा आहे, टपाच्या पुढच्या कुलपाचा सिलिंडर तिथेच वर असतो, त्याचं सील कडक होऊन तडकतं आणि तेल थेंब थेंब खाली येतं. सिलिंडर नवा घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते, काढून नवं सील बसवून देणारे लोक आहेत, खर्च खूपच कमी येतो. आणि अर्ध्यावर थांबण्याचं म्हणाल तर पैसे खर्च करायच्या आधी डिकी उघडून तो सामान वेगळं ठेवणारा पडदा बघा. तो पूर्ण ओढून दोन्ही बाजूला नीट अडकला नसेल तर गाडी टप उघडूच देत नाही, कारण टप सामानावर बसेल. तिथे एक छोटा स्विच असतो आणि पडद्याचं प्लॅस्टिक जुनं झालं की तो कधी लागतो कधी नाही लागत. आपल्या मुलीला पडदा दाबून धरायला सांगा आणि तुम्ही बटण दाबा (बॅटरी चार्ज असताना), पाच मिनिटांत कळेल. मागच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यातली पाणी जायची भोकं पण साफ करा, जाड नायलॉनची दोरी हळू घालायची, हवेचा पाइप मारू नका, आतली नळी निसटते. भोकं तुंबली की पावसाचं पाणी डिकीत उतरतं आणि तिथेच टपाचा पंप आणि वायरिंग असतं. ठाण्याच्या पावसात हे दरवर्षी मे महिन्यात करायचं काम आहे.

टायर मात्र घ्या, घासले नसले तरी. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. वर्षाला सात फेऱ्या करणाऱ्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असताना कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. येऊरच्या वळणावर मुलगी शेजारी बसलेली असताना तो विषय पैशाचा राहत नाही.

इन्शुरन्समधून काही मिळणार नाही. झीज आणि मेकॅनिकल बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, चेन म्हणजे शुद्ध झीज.

आता पेपरचा मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि डीलरने मुद्दाम काढला नसेल. येत्या नोव्हेंबरात गाडीला १५ वर्षं पूर्ण होतात, आरसी संपते. दिल्लीत १५ वर्षांनंतर पेट्रोल गाडी बंद असा नियम केला होता, तसा आपल्याकडे नाही, घाबरू नका, फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. पण १ एप्रिल २०२२ पासून फी वाढलीय. साध्या मोटारीला ६०० चे ५,००० झाले आणि इम्पोर्टेड चारचाकीला ४०,०००. शिवाय पर्यावरण कर वेगळा. २० वर्षं झाली की २०२५ च्या बदलानंतर हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात. तुमची गाडी बाहेरून पूर्ण तयार आलेली आहे तेव्हा ४०,००० च धरून चाला, आणि आरसीवर काय नोंद आहे ते घेऊन ठाणे आरटीओत आत्ताच विचारून या, ऑक्टोबरात नको. जुन्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट लागते ती बसवली नसेल तर आधी बसवा, नाहीतर कुठलंच काम पुढे सरकत नाही.

डीलरचे साडेसहा लाख ह्या उजेडात बघा. थंड इंजिनचा आवाज असलेली, आरसी संपत आलेली गाडी जो घेतो तो सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव करतो. चेनला १,८५,००० लागत असतील तर तो मनात चार लाख कापतो कारण हेड गेलं असेल अशी भीती त्याला पण असते. चेन झालेली, बिल हातात, आरसी पाच वर्षं पुढे गेलेली अशी गाडी शौकीन माणूस थेट घेतो आणि डीलर मध्ये लागत नाही. म्हणजे विकायचं ठरलं तरी चेन आणि आरसीचे पैसे बऱ्यापैकी परत येतात, टपाच्या नव्या सिलिंडरचे येत नाहीत.

मग माझं मत. साडेपाच लाख घालणं चूक आहे आणि साडेसहा लाखाला देणं पण चूक आहे. टेस्ट चांगल्या आल्या तर चेन, गिअरबॉक्सचं ऑईल आणि टायर एवढंच करा, पावणेतीन-तीन लाखात बसतं. तीन लाख हा आकडा कागदावर लिहून मिसेसच्या हातात द्या, त्याच्या वर गेलं की विकायची, तिथे वाद नाही. आणि हे तीन लाख फीच्या पैशातून येणार असतील तर हे सगळं विसरा आणि उद्याच डीलरला फोन करा, मुलीच्या फीचे पैसे गाडीत जात नाहीत, तिचा कितीही जीव असला तरी.

आणि ती वही. तुम्ही ७ फेऱ्या बघून म्हणताय की आपण गाडी वापरतच नाही. पण आवाज सुरू होऊन दोन दिवाळ्या झाल्या असंही तुम्हीच लिहिलंय. वही परत उघडा आणि फेऱ्या कुठल्या महिन्यापासून कमी झाल्या ते बघा. मला जवळपास खात्री आहे की त्याच दिवाळीपासून. बिघडलेल्या गाडीला माणूस नकळत टाळतो, रविवारी पहाटे जाग आली तरी कूस बदलतो, वाटेत बंद पडली तर काय ह्या विचाराने. आवड गेलीय का भीती आलीय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून गाडी नीट करून ऑक्टोबरपर्यंत चालवा आणि फेऱ्या मुलीला लिहू द्या. महिन्याला तीन-चार भरल्या तर आरसी वाढवा आणि ठेवा. आवाज नसताना, झटका नसताना सुद्धा गाडी खालीच उभी राहिली, तर तुम्हाला उत्तर मिळालं आणि तेव्हा विकताना हातात चांगली गाडी असेल. अगदी आधी, आवाज सुरू व्हायच्याही आधी फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या तर मला चूक धरा आणि विका.

एक सवय बदला. घोडबंदर रोडला आठ किलोमीटरला तास लागतो, तेव्हा इंजिन ऑईलचा हिशोब किलोमीटरवर करू नका. मीटरवर हजार दिसले तरी इंजिन किती तास गरम होऊन फिरलं ते मोजा. वर्षाला एकदा तर बदलायचंच, जास्त चालवलीत तर सहा महिन्यांनी. चेन वेळेआधी लांबते ती बहुतेक जुन्या ऑईलमुळे.

प्रश्न : खारघरहून. माझी १३ वर्षं जुनी स्पोर्ट्स कूपे आहे, महिन्यातून एकदा पाम बीचला नेतो. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यामुळे गाडी खराब होईल म्हणून विकावी असं मित्र म्हणतात.

उत्तर : एवढ्या कारणाने विकू नका. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पार्ट हे पेट्रोल धरूनच बनवलेत, तुमच्या गाडीचे नाहीत, म्हणून काळजी घ्यावी लागेल एवढं खरं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि खाडीकाठी ओलावा भरपूर, त्यामुळे महिनाभर तेच पेट्रोल टाकीत पडून राहणं वाईट. पंधरा दिवसांनी काढा आणि तासभर तरी चालवा. पेट्रोलचे रबरी होस आणि सीलं एकदा पूर्ण तपासून घ्या, जुने असतील तर नव्या मटेरियलचे टाकून घ्या, मोठा खर्च नाही. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, ते पडणारच.

प्रश्न : काका, मी नेरूळला राहते. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची दोन दाराची स्पोर्ट्स कार तेव्हापासून बिल्डिंगच्या पार्किंगला कव्हर घालून उभी आहे, मला चालवता येत नाही, मुलगा पुण्याला असतो त्याला नको आहे. इन्शुरन्स संपलाय. एक माणूस म्हणतो आधी ४०-५० हजार घालून सुरू करून घ्या मग चांगला भाव येईल. काय करू? खरं सांगायचं तर मला ती डोळ्यासमोर पण नको आहे आणि द्यायला पण जीव होत नाही.

उत्तर : ताई, घाई कोणालाच नाहीये, सोसायटीची तक्रार नसेल तर अजून दोन महिने राहिली तरी चालेल. पण कोणालाही ती जम्प देऊन स्टार्ट करू देऊ नका. दोन वर्षांचं पेट्रोल खराब झालेलं असतं, ते पंपातून इंजेक्टरमध्ये गेलं की आजवर चांगला असलेला पार्ट पण जातो. ब्रेक चिकटलेले असणार, बॅटरी गेलेली असणार. हे सगळं घेणाऱ्याला माहीत असतं आणि तो त्याच्या हिशोबाने करून घेतो, तुम्ही ४०-५० हजार घालून ते परत मिळणार नाहीत. आहे तशीच विका.

त्याआधी पेपर. गाडी अजून मिस्टरांच्या नावावर आहे, तेव्हा थेट विकता येत नाही, आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि मुलाची संमती. कायद्याने निधनानंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुमचा उशीर झालाय पण त्याने काम अडत नाही, दंड भरून होतं. कर्ज होतं का ते आरसीवर बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) आधी. आरटीओच्या बाहेर कोणी "ताई, कोऱ्या फॉर्मवर सही करून द्या, बाकी मी बघतो" म्हणालं तर देऊ नका. सही केलेला कोरा फॉर्म हातोहात फिरतो आणि गाडी वर्षानुवर्षं तुमच्याच नावावर राहते. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर नाव असलेलाच मालक धरला जातो, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून विकल्यावर गाडी दिल्याची माहिती फॉर्म २९ भरून १४ दिवसांच्या आत तुम्ही स्वतः आरटीओला कळवा, पोच जपून ठेवा, आणि फास्टॅग बंद करा. इन्शुरन्स नसताना गाडी रस्त्यावर चालवत न्यायची नाही, घेणाऱ्याने फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) न्यावी, हे आधीच बोलून घ्या.

तीन-चार जणांना दाखवा, आणि दाखवताना मुलगा हजर असू दे. कव्हर काढून गाडी धुवून घ्या, बाकी काही करू नका. ग्लोव्हबॉक्स आणि सीटखालचं सामान मात्र दुसऱ्या कोणाला काढू देऊ नका, एखाद्या दुपारी तुम्ही स्वतः निवांत बसून काढा. त्यात सर्व्हिसचं पुस्तक असेल, त्यात मिस्टरांच्या हातच्या नोंदी असतील तर फोटो काढून ठेवा, पुस्तक गाडीबरोबर द्यावं लागतं, त्याने भाव वाढतो. आणि दुसरी चावी शोधा. अशा गाडीची नवी चावी कोडिंग करून खूप महाग पडते, दोन्ही चाव्या असल्या की घासाघीस कमी होते. पुरुषमाणसं ती दुसरी चावी कपाटातल्या पासबुकांच्या पाकिटात नाहीतर जुन्या ब्रीफकेसमध्ये ठेवतात, तिथे बघा.